पारवीचं दार

३ फेब्रुवारी

बाबा आज नणंदेकडे गेले, महिनाभरासाठी. जाताना गाडीची किल्ली त्यांनी नवऱ्याच्या हातात न देता माझ्या हातात दिली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकुलता एक मुलगा, आणि वडिलांच्या गाडीची किल्ली बायकोच्या पर्समध्ये! पण सासऱ्यांचं म्हणणं बरोबरच आहे. हा माणूस ब्रेक लावत नाही, ब्रेकवर उभा राहतो.

"आठवड्यातून एकदा फिरवून आण, नाहीतर बॅटरी बसेल," बाबा म्हणाले. "मी आलो की बघतो कशी सांभाळलीस ते. नीट असली तर किल्ली कायमची तुझ्याकडे. मला आता कुठे जायचंय?"

मी फक्त मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर उड्याच मारल्या असत्या. त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं तेव्हा सगळे हसले होते. आता गाडी मिळाली की पडद्यांची नमुना-पुस्तकं दोन बस बदलून गिऱ्हाइकांच्या घरी न्यायला नकोत. ती पुस्तकं काय वजनाची असतात ते माझ्या खांद्याला विचारावं. दुकानाच्या शेठनी सांगितलंय, घरोघरी जाऊन ऑर्डरी आणल्यास तर तो सगळा विभाग तुझा.

बाबा गाडीला पारवी म्हणतात. पारवा म्हणजे कबूतर, त्यावरून पारवी. रंगांची माणूस म्हणून माझा या नावाला पहिल्यापासून आक्षेप आहे. गाडीचा रंग पारवा नाहीच, चांदीची भुकटी टाकलेली राख आहे. पारव्यात निळाई लागते. ती फक्त चालवणाऱ्याच्या शेजारच्या दारात आहे, तीही हिरवट. लग्न होऊन आले तेव्हापासून ते दार माझ्या डोळ्यांत सलतंय. पडद्याच्या पाच पट्ट्या एका थानातल्या आणि सहावी दुसऱ्या थानातली, तसं दिसतं. एकदा बाबांना म्हटलं होतं, तर म्हणाले, ऊन लागत असेल. त्यांना रंगातलं कळत नाही.

९ फेब्रुवारी

फिरवून आणली. मोठ्या रस्त्याने पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि परत आले. एकदा बंद पडली, तेही सिग्नलला, तेही बसच्या पुढे. पण मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मी आरशात बघून हात दाखवला, एखादी जुनी ड्रायव्हर दाखवते तसा. आज मी फार आवडले मला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. नातवंडांबद्दल दोन वाक्यं आणि पारवीबद्दल दहा. पुसतेस ना, मऊ फडकं घे, त्या शेजारच्या दाराला धूळ फार बसते. मी म्हटलं, सगळ्या दारांना सारखीच बसते हो बाबा. यावर ते नुसते हसले.

१६ फेब्रुवारी

लागली.

पुढे काय लिहू. मागे घेत फाटकातून बाहेर काढत होते. आरशात रस्ता बघत होते, माणसं बघत होते, एक कुत्रं होतं तेही बघितलं. फाटकाची कडी तेवढी बघितली नाही. आधी पत्र्याचा आवाज आला, मग मी ब्रेक दाबला, आणि मग घाबरून गाडी पुढे घेतली. म्हणजे तोच ओरखडा जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा काढला.

मी खाली उतरले, बघितलं, आणि परत आत जाऊन बसले. पुन्हा उतरल्यावर काहीतरी वेगळं दिसेल अशी आशा होती बहुतेक. शेजारचं दार, हँडलपासून बिजागरीपर्यंत. खोलगट पोचा, आणि मध्ये रंग सोलून निघालेला.

गाडीला पुन्हा हात लावायची नाही. हे नीट करून घ्यायचं, जागेवर ठेवायची, आणि नमुना-पुस्तकं घेऊन मुकाट बसमध्ये बसायचं. प्रत्येकाने आपला वकूब ओळखावा.

१७ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याने दार बघितलं, आणि आनंद लपवायचा किती तो प्रयत्न केला बिचाऱ्याने. ओठ घट्ट मिटले, पण डोळे काही ऐकेनात. मग मात्र एकदम माझ्या बाजूचा झाला. म्हणाला, बाबांना फोनवर सांगायचं नाही, तिथे त्यांना झोप लागणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. येईपर्यंत रंगवून टाकू.

मला सांगून टाकावंसं वाटत होतं. दुपारी फोन आला तेव्हा तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांनी फोनवर आल्या आल्या विचारलं, "पारवी काय म्हणते?" आणि मी विचारलं, "तिकडे थंडी कशी आहे?"

१८ फेब्रुवारी

पेट्रोल पंपामागच्या पेंटरकाकांकडे गेलो. नवऱ्याने चालवली, मी शेजारी बसले, दाराचा पोचा पोटात घेऊन.

मला ती शेड फार आवडली. एका गाडीला काचांवर वर्तमानपत्रं चिकटवून, कडेने टेप लावून उभी केलेली, आणि कोपऱ्यात डब्यांचा ढीग. एक भिंत अशी, की तिच्यावर काका रंगाचा फवारा मारायची गन चालवून बघतात. इतकी वर्षं, इतके रंग एकावर एक बसलेत की ती भिंत चांगली वीतभर पुढे आलीय. काका साठीचे असतील. बोलतात कमी, गुणगुणतात जास्त. गाडी आत घेतली तेव्हा गुणगुणणं थांबलं.

त्यांनी दाराला हात लावला, टिचकी मारली. मग पूर्ण गाडीला फेरी मारली आणि परत दारापाशी आले.

"हे दार आधी एकदा रंगलेलं आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, शक्य नाही. आमचे सासरे गाडीवर माशी बसू देत नाहीत, नवी कोरी घेतलेली आहे. सोललेल्या जागेवर काकांनी बोट ठेवलं. खरंच, वरच्या थराखाली दुसरा थर दिसत होता. मला लगेच उलगडा झाला. कारखान्यातच काहीतरी खरचटलं असणार आणि त्यांनी वरून फासून बाबांच्या गळ्यात मारली. भोळ्या माणसाला कोणीही फसवतं.

मग काकांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "दार दाराला जुळवू, की गाडीला?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, गाडीला. अर्थात गाडीला. वीस वर्षं मी लोकांच्या भिंतींना पडदे जुळवतेय, वेगळं दार तसंच ठेवा असं सांगून कुठल्या तोंडाने घरी जाऊ?

"घरात एकदा विचारून घ्या," काका म्हणाले.

मी म्हटलं, घरातली मीच आहे. कामाचा कंटाळा असला की कारागीर असेच फाटे फोडतात. आमचा शिंपी पण असाच आहे.

आणि चालता चालता मला एक सुचलंय. ओरखडाही जाईल आणि ते वेगळं दिसणारं दारही एकदाचं ठीक होईल. एका दगडात दोन पक्षी. बाबांना म्हणता येईल, तुम्ही नव्हतात म्हणून गंमत म्हणून जुळवून घेतलं. त्यात खोटं एवढंसंच. मला एकदम हलकं वाटायला लागलं आहे.

२१ फेब्रुवारी

गाडीच्या बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो. मला वाटलं होतं, नंबर दिला की रंग आला, संपलं काम. काकांनी नंबराप्रमाणे बनवून पत्र्याच्या तुकड्यावर मारून दाखवला. नवा झगझगीत रंग, आणि शेजारी आमची पारवी, जणू आजीला नातीच्या लग्नातली पैठणी नेसवलीय. काका म्हणाले, नंबर त्या दिवसाचा असतो, गाडी आजची असते.

मग त्यांनी दाराशेजारचा मडगार्ड मलम लावून घासला, तेव्हा वर्षांचा मळ निघून खरा रंग वर आला. त्याला जुळवायचं ठरलं. पाच तुकडे केले, पाचही वेगळे. काका ट्यूबखाली धरून बघत होते, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, ट्यूबखाली नका बघू, आमच्या दुकानात ट्यूबखाली घेतलेला पडदा दुसऱ्या दिवशी परत येतो. दारात चला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हे मला कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं." आणि स्वतःशीच हसले. स्तुती ऐकून मी फुलले.

उजेडात बाहेर आणलं तर चौथा तुकडा समोरून हुबेहूब. जरा तिरकं उभं राहून बघितलं तर काळपट. चांदीची भुकटी असते ना रंगात, ती कशी बसते त्यावर सगळं आहे म्हणे. समोरून सख्खा, बाजूने सावत्र.

२२ फेब्रुवारी

दुकानातून सुटी मागताना दात दुखतोय सांगितलं. शेठनी विचारलं कुठला. मी उजवीकडचा म्हटलं आणि डाव्या गालाला हात लावला.

बाबांच्या फोनमध्ये आज एक नवीनच. म्हणाले, दार उघडताना जरा वर उचलून उघड, तिला तशी सवय होती. मी म्हटलं, कोणाला? म्हणाले, दाराला गं. म्हाताऱ्या माणसांना वस्तूंशी बोलायची सवय लागते. आईंना जाऊन चार वर्षं झाली, बोलणार तरी कोणाशी?

आजही सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी

जुळला.

काळ्याचा एक थेंब कमी, चांदीची भुकटी जरा जाड, आणि गन थोडी लांबून. जवळून मारली की ओला बसतो आणि गडद दिसतो, लांबून मारली की सुकत सुकत बसतो आणि उजळ दिसतो, हे आज कळलं. इतके दिवस मी रंग डब्यात असतो असं समजत होते, पण अर्धा तो हातात असतो. शेवटचा तुकडा आम्ही मडगार्डवर ठेवला. समोरून, डावीकडून, उकिडवं बसून, सकाळी आणि मग चार वाजता, सगळीकडून बघितला. तुकड्याची कड दिसत होती म्हणून तिथे तुकडा आहे हे कळत होतं.

काकांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना? एकदा मारला की जुना परत येत नाही."

मी म्हटलं, काका, त्या जुन्याचं लोणचं घालायचंय का?

२८ फेब्रुवारी

दार तयार झालं. पोचा काढून, पुट्टी भरून, घासून, रंग मारून, वर चमक मारून. शेजारच्या पत्र्यांवरही रंग थोडा ओढत नेलाय, त्यामुळे कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. ते दार गाडीत मिसळून गेलंय. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं मॅचिंग, आणि गंमत म्हणजे कोणाला दाखवता येणार नाही.

काकांना मात्र आनंद झालेला दिसला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाले, "चांगलं झालंय. फारच चांगलं झालंय." एवढं कष्टाचं काम करून माणूस थकतोच.

गाडी नवऱ्याने घरी आणली. मला चालव म्हणत होता. मी नाही म्हटलं. त्यानेही फार आग्रह केला नाही, ब्रेकवर उभं राहायला मिळत होतं ना.

४ मार्च

बाबा आले. बॅग दारात ठेवली आणि चहाच्या आधी सरळ गाडीकडे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चोराच्या मनात चांदणं, गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं.

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मागे गेले. वळसा घालून त्या दारापाशी आले आणि थांबले. मग पुन्हा पुढे गेले, पुन्हा आले, आपण चुकीच्या बाजूला आलो की काय असं वाटल्यासारखे. तळहात दारावर टेकवून उभे राहिले. मग दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. किल्ली माझ्याकडे, गाडी बंद. बसून राहिले.

आत आले तेव्हा मी पाठ करून ठेवलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. दार किती वर्षं वेगळं दिसत होतं, म्हटलं तुम्ही येईपर्यंत जुळवून घेऊ, तुम्हाला गंमत. ते म्हणाले, "हो. छान जुळलंय." चहा अर्धा ठेवला आणि आडवे झाले.

नवरा म्हणतो, प्रवासाचा शीण आहे. मला तसं वाटत नाही. मी किल्ली त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. घे म्हणाले नाहीत, दे म्हणाले नाहीत. म्हणजे परीक्षेत मी नापास. ओरखडा त्यांना कुठून कळला असेल? इतकं चांगलं केलं होतं.

५ मार्च

सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"कुठे लागली?" त्यांनी विचारलं.

मी टॉवेलची घडी पुरी केली. मग सगळं सांगितलं. कडी, कुत्रं, पुढे-मागे, दात, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"त्यानंतर किती वेळा चालवलीस?"

"एकदाही नाही. आणि आता चालवणारही नाही, बाबा. मला नाही जमायचं."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "तिनेही हेच केलं होतं."

मला आधी कळेचना ती म्हणजे कोण. आई, माझ्या सासूबाई! मी या घरात आले तेव्हापासून आई कायम शेजारच्या सीटवर. रस्ता सांगायच्या, डबा सांभाळायच्या, आणि कोणी चालवायला सांगितलं की म्हणायच्या, मला नाही बाई त्याची आवड.

बाबांनी सांगितलं ते असं. गाडी नवीन होती. आई तेव्हा शिकत होत्या, चांगलं चालवायला लागल्या होत्या. बाबा कामासाठी आठ दिवस गावाला गेले. परत आले त्याच दिवशी त्यांना दिसलं, दाराचा रंग वेगळा आहे. हिरवट. आईंनी गुपचूप रंगवून घेतलं होतं, आणि बाबा गाडीभोवती फिरत होते तेव्हा त्या खिडकीतून बघत होत्या. बाबांना हसू आलं. त्यांनी ठरवलं, आपल्याला काही दिसलंच नाही.

"मला वाटलं, मी मोठेपणा करतोय," बाबा म्हणाले. "तिला कसं अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही, म्हणून माझं मलाच कौतुक. म्हातारपणी एक दिवस सांगेन आणि तिची फजिती बघेन, असं ठरवून ठेवलं होतं. गाडीला पारवी नाव ठेवलं ते त्यासाठीच. पारव्याची पाठ राखी असते आणि मान तेवढी हिरवी-निळी चमकते. ती विचारायची, पारवी का म्हणता? मी म्हणायचो, रंगावरून."

मी हातातला शर्ट खाली ठेवला.

"तिने पुन्हा गाडीला हात लावला नाही. म्हणाली, आवड नाही. मी ते खरं धरलं. अगं, आवड नव्हती असं नाही, तिने धसका घेतला होता. मी त्याच दिवशी म्हटलं असतं, लागली तर लागली, तर ती आयुष्यभर चालवत फिरली असती. मी मूग गिळून बसलो आणि त्याला प्रेम म्हणत राहिलो. मग ती गेली. सांगायचं राहिलं ते राहिलंच."

मी रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि त्या दोघांसाठी रडले. ज्या दाराकडे बघून हा माणूस रोज मनात हसत होता, ते मी सगळीकडून नीट बघून, उजेडात धरून, थेंब मोजून पुसून टाकलं होतं. कोणाला विचारलं नाही. काकांनी दोनदा टोकलं होतं, आणि मी त्यांना लोणच्याचे विनोद सांगत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो बैल मी.

बाबांनी लगेच असू दे म्हटलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. ते मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी टेबलावरची किल्ली आणून घड्या घातलेल्या कपड्यांवर ठेवली.

"काल संध्याकाळी मी पुन्हा गप्पच बसणार होतो," ते म्हणाले. "मग म्हटलं, एकदा केली तेवढी चूक पुरे. लागली तर लागली. किल्ली तुझी. चालव."

९ मार्च

गेले तीन दिवस मी एकच धोशा लावलाय, दार पुन्हा होतं तसं करून घेऊ. बाबा आधी नको म्हणाले, मग गप्प झाले, आणि आज सकाळी बूट घालून तयार बसले. अट एकच, गाडी मी चालवायची. फाटकातून काढताना मी कडीकडे इतकं बघितलं की समोरचं काही दिसेना. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून "ये, ये, ये" सुद्धा म्हटलं नाही. हातांची घडी घालून बसले होते, पण बोटं पांढरी पडली होती.

पेंटरकाका आम्हा दोघांना एकत्र बघून उठून उभेच राहिले. बाबांनी आईंची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, ते दार त्या वेळी त्यांनीच रंगवलं होतं. नवीन दुकान, नवीन हात. बाबा दुसऱ्या दिवशी परत येणार होते म्हणून आईंनी घाई केली, काकांनी संध्याकाळी ट्यूबखाली रंग जुळवला, आणि सकाळी उजेडात बघतात तर हिरवा. काका रडकुंडीला आले होते. आई म्हणाल्या होत्या, काळजी करू नका, आमच्या ह्यांना रंगातलं काही कळत नाही. आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. काकांनी पंचवीस वर्षं ती पाळली.

बाबा हसले. खूप हसले, डोळे पुसेपर्यंत. "मला कळत नाही म्हणाली?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि काकांना पुन्हा सांगावं लागलं.

मग आम्ही रंग करायला बसलो. एखादी चूक हुबेहूब जुळवायची, हे काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. नमुना कुठलाच नाही. काकांनी एक तुकडा हिरवट केला, एक निळसर, एक मधला. बाबा दारात उजेडाला धरून बघत आणि म्हणत, हा नाही. पुढचा. हाही नाही. एकावर ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी तो तुकडा खाली ठेवला आणि स्टुलावर बसले.

"रोज बघत होतो गं," ते म्हणाले, "आणि आठवत नाहीये."

मी त्यांच्यापाशी खाली बसले. म्हटलं, बाबा, रंग कोणालाच डोक्यात धरून ठेवता येत नाही. आमच्याकडे बायका येतात, वीस-वीस वर्षं ज्या घरात राहिल्या त्या घराच्या भिंतीचा रंग सांगतात आणि भलताच पडदा घेऊन जातात. म्हणून आम्ही भिंतीवरचा पोपडा आणायला सांगतो. त्यात प्रेम कमी-जास्त असण्याचा संबंध नाही. काका म्हणाले, मलाही आठवत नाही साहेब, त्या दिवशी डब्यात जे उरलं होतं ते घातलं होतं.

बाबांनी तुकडे गोळा करून काकांच्या हातात दिले. मग म्हणाले, राहू दे. असंच राहू दे दार. नाहीतरी आता ते बघितलं की मला तू फाटकात अडकलेली दिसतेस. मी म्हटलं, मी काही तिथे अडकले नव्हते, दोनदा घासले होते, फरक आहे. काकांनी चहा मागवला.

निघताना बाबा काकांकडे वळले. आवाज एकदम हळू झाला होता.

"तिने सांगितलं होतं का तुला? कुठे लागली होती?"

काका म्हणाले, सांगितलं होतं. पाण्याच्या टाकीमागचं वळण, उताराचं. तिथला विजेचा खांब.

आम्ही सरळ घरी आलो नाही. मोठ्या रस्त्याने टाकीपर्यंत गेलो आणि मागच्या गल्लीत शिरलो. गल्ली अरुंद, एका बाजूला टाकीची भिंत, उतार आहे तो एकदम डावीकडे वळतो, आणि वळतो तिथेच खांब. बाबांनी मला थांबायला सांगितलं आणि उतरले. खांबापर्यंत चालत गेले, वळणाच्या पलीकडे बघितलं, अलीकडे बघितलं, आणि खांबाच्या बुंध्याशी वाकून काहीतरी शोधलं. तिथे काही सापडण्यासारखं नव्हतं, इतक्या वर्षांत खांबही बदलला असेल. मग ते परत आले, शेजारी बसले, आणि दार ओढून घेतलं.

"अवघडच वळण आहे गं हे," ते म्हणाले. "इथे कुणाचीही लागली असती."

ते माझ्याशी बोलत नव्हते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. पहिला गिअर टाकला आणि सावकाश वळण घेतलं.